प्राग: किल्ल्यावर पायी जावं की २२ नंबरच्या ट्रामने?

प्रागला दोनच दिवस असतील तर आधी हे ठरवा, कारण किल्ला टेकडीवर आहे आणि जुनं शहर नदीच्या पलीकडे.

पायी निघालात तर वाटेत चार्ल्स पूल लागतो. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला, पाचशे मीटरहून थोडा लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. सकाळी सातच्या आत पोहोचा. दहानंतर नुसती रेटारेटी असते. नेपोमुकच्या संत जॉनच्या पुतळ्याखालचं ब्राँझचं उठावचित्र जरूर बघा. लोकांचे हात लागून लागून तेवढाच भाग सोन्यासारखा लखलखतो, बाकी सगळं काळंभोर. पुढे नेरुदोवा रस्त्याचा चढ. तिथल्या घरांवर नंबरांच्या आधीच्या काळातल्या खुणा अजून आहेत: तीन व्हायोलिन, दोन सूर्य. माझं मन त्या चढावरच रमलं.

पण दगडी फरसबंदी गुडघ्यांना फार जड जाते. आई-बाबा सोबत असतील तर सरळ २२ नंबरची ट्राम पकडा. राष्ट्रीय नाट्यगृहापाशी चढा, ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर उतरा. तिथून किल्ल्यापर्यंत जवळपास सपाट रस्ता. कागदी तिकीट घेतलंत तर चढल्याबरोबर पिवळ्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. गर्दीत खिसा-पाकीट सांभाळा.

मला विचाराल तर जाताना ट्राम, येताना पायी. उतारावर दम लागत नाही आणि लाल कौलांचं सगळं शहर समोर पसरलेलं दिसतं.