एचएमटी जनता, फिकट डायलची: सात-आठ महिने वापरल्यावर

चावीचं घड्याळ, आत सतरा ज्वेल (झीज कमी व्हावी म्हणून बसवलेले बारीक खडे), ०२३१ क्रमांकाचं मशीन, त्यात जास्त शिरत नाही. मला बोलायचंय ते डायलबद्दल, कारण मागच्या आठवड्यात काच बदलली आणि या घड्याळाबद्दलचं माझं अर्धं मत तिथेच बदललं.

घेताना विकणाऱ्याने बत्तीसशे सांगितले होते. जनताचे बत्तीसशे! कारण काय, तर म्हणे ट्रॉपिकल डायल आहे, पॅटिना (वयाने आलेली रंगछटा) आहे, अशी मिळत नाही. अहो, काळी डायल उन्हाने वर्षानुवर्षं हळूहळू चॉकलेटी झाली, तीही सगळीकडे सारखी, तर तिला ट्रॉपिकल म्हणतात, आणि जुन्या रोलेक्स-ओमेगाला त्याचे जास्त पैसे येतात हेही खरंय. पण पांढऱ्या डायलची जनता पिवळट दिसली म्हणून तिला तोच भाव? मी सरळ सांगितलं की मला ही पिवळी पडलेली डायल दिसतेय, शिवाय तीनच्या आकड्यापाशी डाग आहे, त्याचे पैसे कमी करा. बरंच ताणून एकोणीसशेला दिलं.

तो तीनजवळचा डाग महत्त्वाचा आहे. डायल दोन प्रकारे खराब होते, उन्हाने आणि पाण्याने, आणि दोन्हींची किंमत एक नाही. उन्हाने फिकी झालेली डायल साधारण सगळीकडे सारखी फिकी होते, कडेला जिथे केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या घराची, किनार तिच्यावर येते तेवढीच मूळ रंगाची राहते. पाण्याचा डाग कुठून तरी सुरू होतो आणि पसरतो, त्याची कड गडद असते. आणि तो तीनपाशी असला तर पाणी चावीतून आत शिरलेलं असतं हे धरूनच चाला, म्हणजे आत स्टेमला (चावीच्या आतल्या दांडीला) गंज असणार, कदाचित चावी ओढून काटे फिरवायची जी यंत्रणा असते तिलाही. म्हणून तीनपाशी डाग दिसला की सर्व्हिसिंगचा खर्च त्या किमतीतून आधीच वजा करायचा. मी तेच केलं आणि उघडल्यावर स्टेम गंजलेलाच निघाला. सर्व्हिसिंग स्टेमसकट सातशे, चावी दीडशे.

इथपर्यंत माझं मत होतं की डाग असलेलं घड्याळ घेऊच नये, डाग वाढत जातो. आता तसं वाटत नाही. चावी बदलल्यावर अख्खा पावसाळा हातावर होतं (मुसळधार पावसात काढून ठेवायचो, तेवढी काळजी घेतली) आणि डाग होता तेवढाच आहे, सुरुवातीचा फोटो काढून ठेवलाय, ताडून बघितलं. म्हणजे डागाला घाबरायचं कारण नाही, पाणी यायची वाट बंद झाली की नाही ते बघायचं.

आता काच. दाराच्या कडीवर आपटून तडा गेला, म्हणून आमच्या इथल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी जुनी काच काढून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि म्हणाले, "बघा, हिचाच रंग गेलाय." खरंच, कागदावर चहा सांडून वाळल्यासारखी पिवळी दिसत होती. अशा बऱ्याच जुन्या घड्याळांची काच म्हणजे ॲक्रिलिक, प्लॅस्टिकच ते, वर्षानुवर्षांनी पिवळं पडतं. नवीन दीडशेची काच बसवली आणि डायल एकदम उजळ! पिवळटपणा ऐंशी टक्के काचेचा होता. मला इतका आनंद झाला की दुकानातच दहा वेळा हात उन्हात धरून बघितला. आणि घड्याळ विकणाऱ्या त्या माणसाचा रागही आला, कारण ज्याला तो पॅटिना म्हणून हजारभर रुपये जास्त मागत होता ते दीडशे रुपयांचं प्लॅस्टिक होतं.

हे घेण्याआधीच ओळखायचं असेल तर काट्यांकडे बघा. चकचकीत चंदेरी काटेसुद्धा काचेतून पिवळसर दिसत असतील तर काच पिवळी आहे. काटे चंदेरी आणि फक्त डायल पिवळी, तर डायलच गेली आहे. फोटोवरूनही कळतं, फक्त फोटो दिवसाच्या उजेडात काढलेला मागा, ट्यूबलाइट किंवा बल्बखालचा नको, त्यात रंग खरे दिसत नाहीत.

काच काढलीच होती म्हणून घड्याळजींना डायलही सोडवून दाखवायला सांगितली. त्यांची आयग्लास डोळ्याला लावून बघितलं, कडेने बारीक केसाएवढी गोल पट्टी, स्वच्छ चंदेरी पांढरी, म्हणजे नवीन असताना अख्खी डायल तशी असणार. मधला भाग त्यापेक्षा किंचित मलईसारखा. डायलवरची १७ ज्वेल्स आणि पॅरा शॉक (धक्क्यापासून संरक्षण) ही अक्षरं कुठेही फुगलेली नाहीत, मिनिटांच्या रेघा काठापर्यंत सरळ. डायलची मागची बाजू साफ, डायल मशीनवर बसवायचे दोन्ही पाय जागेवर. आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या घड्याळजींनी सुईने कोरलेल्या बारीक खुणा आणि आकडे, सर्व्हिसिंग केल्याच्या. मला त्या सगळ्यात जास्त आवडल्या. हे घड्याळ कोणीतरी नीट वापरलंय, वेळच्या वेळी उघडून साफ केलंय, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

आता ज्यावरून भांडण झालं ते सांगतो. सर्व्हिसिंगसाठी आधी दुसऱ्या एका दुकानात दिलं होतं, तिथला माणूस ऐकेचना, डायल रंगवून घ्या, चारशेत नवी कोरी करून देतो, हिरवी पाहिजे निळी पाहिजे सांगा. मी नको म्हटलं तर म्हणे मग अशी जुनाट घालणार का. मी घड्याळ तसंच परत घेऊन आलो. कोणी काहीही म्हणो, रंगवलेल्या डायलला माझ्या लेखी किंमत नाही. मेहुण्याकडे निळ्या डायलचं एचएमटी पायलट आहे, जवळपास माझ्याएवढ्याच पैशात घेतलेलं, दुरून झकास दिसतं. जवळून बघितलं तर एचएमटीचं नाव किंचित तिरकं, मिनिटांच्या रेघा एका बाजूला काठाबाहेर गेलेल्या आणि अक्षरं जाड, शाई पसरल्यासारखी. पावसाळ्यात रंगाला फोड आला, त्याची खपली मिनिटकाट्याखाली अडकली आणि घड्याळ बंद. परदेशातले संग्राहक अशा रंगवलेल्या घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आतलं मशीन बऱ्याचदा उत्तम असतं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर करार करून एचएमटीने घड्याळं बनवायला घेतली, २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस ही तिची घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्या काळातल्या मूळ डायल आता छापून येणार नाहीत. जी डायल रंगवली ती गेली.

लुम (अंधारात चमकणारा रंग) असलेलं घड्याळ घेत असाल तर काट्यातलं आणि डायलवरचं लुम एकाच रंगाचं आहे का बघा. डायलवरचं पिवळट आणि काट्यातलं पांढरंशुभ्र, तर काहीतरी बदललंय. जुन्या स्विस घड्याळात सहाच्या खाली स्विस शब्दांच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असेल तर ते ट्रिटियम हे किरणोत्सर्गी लुम, त्याचं अर्धआयुष्य साधारण १२ वर्षं, म्हणजे इतक्या वर्षांनी ते अंधारात ढणाढणा चमकत असेल तर ते मूळ लुम नाही. त्याहून जुन्यात रेडियम असू शकतं. ते चमकत नसलं तरी किरणोत्सर्ग चालू असतो, म्हणून घरी उघडून खरवडत बसू नका.

केसचा क्रोम दोन ठिकाणी उडून पितळ दिसतंय, ते मला चालतं. टाइम दिवसाला वीसेक सेकंद पुढे, सकाळी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत आरामात. आवाज मोठा आहे, रात्री उशाशी ठेवता येत नाही.

हिशोब: घड्याळ १९००, सर्व्हिसिंग ७००, चावी १५०, काच १५०, एकूण २९००. चांगल्या मूळ डायलच्या, सर्व्हिसिंग झालेल्या जनताला मी इतके पैसे पुन्हा देईन. बत्तीसशे देऊन वर हजाराचा खर्च, असं अजिबात नाही.

सध्या एक एचएमटी कोहिनूर बघतोय, डायल पिवळी, काटेही पिवळे दिसतायत, म्हणजे काचच असणार. अकराशे सांगितलेत, मी आठशे म्हटलंय आणि झाकण उघडून आतला फोटो मागितलाय. अजून पाठवलेला नाही.