चमचे-काट्यांसाठी स्टेनलेस स्टील १८/१० की १८/०?

पहिला आकडा क्रोमियमची टक्केवारी, दुसरा निकेलची. गंज रोखतो तो क्रोमियम, आणि तो दोन्हींत जवळपास सारखाच. पण मीठ, आंबट पदार्थ यांपुढे निकेल नसलेलं स्टील लवकर हार मानतं. ओलं राहिलं की बारीक डाग उठतात. १८/१० ची चकाकी जास्त टिकते, किंमतही निकेलमुळेच चढते. (१८/८ घेतलं तरी वापरात फरक जाणवत नाही, उगाच जास्त पैसे देऊ नका.) लोहचुंबक १८/० लाच घट्ट चिकटतो. सुरीचं पातं मात्र दोन्हींचं नको, त्याला जास्त कार्बनचं, कडक होणारं स्टीलच हवं.

रोजच्या वापराला, डिशवॉशरमध्ये जाणाऱ्या चमच्यांना १८/१० किंवा १८/८ घ्या. निकेलची ॲलर्जी असेल किंवा खर्च आवरायचा असेल तर १८/०. फक्त धुतल्याबरोबर पुसून ठेवा.