उपवनची फेरी की जिम?

शेजारच्या वहिनी फोर्टला नोकरी करतात. लोकलची धक्काबुक्की, घरी आल्यावर कुकर, मुलांचा अभ्यास. आता रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढायचाच, असं त्यांनी ठरवलंय. तो ठाण्यातल्या उपवन तलावाकाठी चालण्यात घालवावा की जिममध्ये, एवढंच अडलंय.

पैशांचं सोपं आहे. चालायला बरे बूट पुरतात. जिमवाले वर्षाची फी एकरकमी मागतात. आधी एकच महिना भरावा.

सवय टिकेल का, हे मात्र नीट बघायला हवं. जून ते सप्टेंबर ठाण्यातला पाऊस चालणं मोडतो, आणि मोडलेली सवय दिवाळीपर्यंत परत लागत नाही. जिमला पावसाची अडचण नाही, पण ती स्टेशन आणि घराच्या वाटेवरच हवी. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रोज कोण जाणार?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय २ दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. नुसत्या चालण्याने हे दुसरं साधत नाही. भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढताना वहिनी मध्येच कठडा धरून थांबतात, तेव्हा मला हाच मुद्दा सर्वांत मोठा वाटतो. मनाचं म्हणाल तर येऊरच्या डोंगराकडे बघत, फोन पर्समध्ये ठेवून चालण्याला तोड नाही.

डोकं शांत करायचंय, थोडा एकांत हवाय, त्यांनी उपवन गाठावं. अंगात ताकद हवी त्यांनी जिम. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टर. वहिनींना मी आठवड्यातून दोनदा जिम आणि रविवारी तलाव सुचवलाय.