‘फक्त पॉझिटिव्ह ट्रेनिंग’ सांगून आमच्या कुत्रीचे हाल केले, बोर्डिंगला पाठवण्याआधी वाचा

पुण्याच्या आसपास ट्रेनिंग-बोर्डिंगवाले, म्हणजे कुत्रं स्वतःकडे ठेवून घेऊन शिकवणारे, भरपूर झालेत, त्यातल्या एकाने आम्हाला फसवलं, नाव टाकत नाही पण पद्धत ओळखून ठेवा. आमची चिंगी इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री आहे, लीश ओढायची आणि बेल वाजली की भुंकून घर डोक्यावर घ्यायची, तक्रार एवढीच. तो म्हणाला फक्त ट्रीट आणि प्रेम, मारहाण अजिबात नाही, पैसे मात्र सगळे आधी. भेटायला येऊ का विचारलं की उत्तर ठरलेलं, मालक दिसला की ट्रेनिंग बिघडतं. व्हॉट्सॲपवर बारके व्हिडिओ यायचे, सिट म्हटलं, बसली, संपला व्हिडिओ.

घरी आल्यावर सगळं ऐकायची हो, पण बसताना कान मागे, शेपूट पोटाखाली, सारखी ओठ चाटत राहायची, आणि पट्टा अडकवायला हात वर केला की जमिनीला चिकटून सू करायची. मानेवरचे केस गेलेले, डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की हे चोक चेनचं, म्हणजे ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीचं काम. त्याला फोन केला तर म्हणे कुत्र्याला अल्फा, म्हणजे दादागिरी करणारा म्होरक्या, कोण ते कळावंच लागतं, रिफंड नाही. ही अल्फाची थिअरी एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून आलीये, आणि ती लोकांपर्यंत नेणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. 1967 साली सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात ज्या कुत्र्यांना न टाळता येणारे शॉक दिले, त्यातली बरीचशी नंतर सुटायची वाट असूनही पडून राहिली. चिंगीचं ते ‘ऐकणं’ मला तसलंच वाटतं आणि संताप होतो नुसता.

आता एक ताई घरी येऊन आमच्यासमोर शिकवतात. सुरुवातीला कमांड बंदच ठेवल्या, लांब दोरीवर हवं तेवढं हुंगू द्यायचं, चघळायला द्यायचं, जवळ यायचं नसेल तर ओढायचं नाही. मग बेल वाजली की चटईवर पनीरचा तुकडा, आता ती स्वतःच चटईकडे पळते.

आपल्याकडे ट्रेनर म्हणवून घ्यायला लायसन्स लागत नाही, आणि 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे या लोकांना भीती कसली! म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा, कुत्र्याने ऐकलं नाही तर तुम्ही नेमकं काय करता, आणि उत्तर चॅटवर लिहूनच घ्या. मी त्याचे मेसेज, पेमेंटचा स्क्रीनशॉट, मानेचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीये, नंबर 1915.