स्नोची गोष्ट मी का वाचू? 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' दुसऱ्यांदा वाचल्यावर

आधीच सांगते, खाली सगळं फोडलंय, अगदी शेवटसुद्धा. ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी वाचून झाल्यावर या.

२०२० च्या मे महिन्यात हे पुस्तक आलं तेव्हा लॉकडाऊन होता, पुस्तकांची दुकानं बंद, म्हणून किंडलवर घेतलं, दोन दिवसात संपवलं आणि मला अजिबात आवडलं नाही. हंगर गेम्सची मूळ तीन पुस्तकं २००८ ते २०१० मधली, मी कॉलेजात असताना वाचलेली, आणि त्यांची नायिका कॅटनिस माझ्यासाठी नुसतं पात्र नव्हतं, त्या वयात मला हवी असलेली मोठी बहीण होती. दहा वर्षांनी लेखिका सुझान कॉलिन्स परत पॅनेम या काल्पनिक देशाची गोष्ट सांगणार म्हटल्यावर मला गेम्सच्या जुन्या विजेत्यांबद्दल, हेमिचबद्दल वाचायचं होतं, मॅग्जबद्दल वाचायचं होतं, आणि हातात आलं काय तर त्या देशाच्या क्रूर हुकूमशहाचं, प्रेसिडेंट स्नोचं तरुणपण. कॅटनिसच्या चौसष्ट वर्षं मागे, दहावे हंगर गेम्स, म्हणजे मुलांना एकमेकांना मारायला लावणारा सरकारी खेळ, आणि अठरा वर्षांचा कोरिओलेनस स्नो. ज्याने रूसारख्या लहान पोरींचे जीव घेणारी सगळी यंत्रणा चालवली त्याच्या डोक्यात मी पाचशेच्या वर पानं का राहू, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं आजही हेच म्हणणं आहे.

यावर्षी भाचीने वाचायला घेतलं. ती अकरावीत आहे, तीन पुस्तकं आणि सगळे सिनेमे संपवून इथे आली होती आणि रोज रात्री मला फोन, मावशी तुला इथे काय वाटलं, मावशी हा खोटं बोलतोय ना. मला काहीच आठवत नव्हतं म्हणून मीही परत काढलं, यावेळी कागदी प्रत, आणि हळू वाचलं. आता माझं मत साफ बदललंय. कॉलिन्सने लिहिलेल्यातलं हे सगळ्यात धाडसी पुस्तक आहे असं मी म्हणेन.

सुरुवातच बघा. कोरिओलेनस उकळत्या पाण्यात कोबी टाकतोय आणि मनात म्हणतोय की एक दिवस ही वस्तू माझ्या तोंडात परत कधी जाणार नाही. घर म्हणजे पेंटहाउस, नाव मोठं, पण वडलांनी सगळा पैसा डिस्ट्रिक्ट १३ च्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत घातलेला आणि राजधानी कॅपिटॉलविरुद्ध डिस्ट्रिक्टांनी, म्हणजे प्रांतांनी, केलेल्या युद्धात डिस्ट्रिक्ट १३ च उद्ध्वस्त झालं, म्हणजे सगळं गेलं. आई बाळंतपणात गेली, वडील युद्धात गेले. राहिले तिघं, आजी, चुलत बहीण टायग्रिस आणि हा. समारंभाला घालायला शर्ट नाही म्हणून टायग्रिस वडलांच्या जुन्या शर्टाला बाथरूमच्या फरशीच्या तुकड्यांची बटणं लावून देते. आणि या सगळ्यात मुख्य धडपड कसली, तर बाहेर कोणाला कळता कामा नये.

इथे मला एकदम कॅटनिस आठवली. तिलाही भूकच माहीत आहे, पण तिची भूक उघडी आहे, ती कुंपणाखालून जाते, शिकार करते, विकते, वाटून खाते, पीटाने फेकलेला पाव ती जन्मभर कर्जासारखा लक्षात ठेवते. कोरिओलेनसची भूक झाकलेली आहे. तो पोट खपाटीला गेलेलं असताना पार्टीत जेवण बघून नको नको करतो कारण घरी रोज असंच असतं असं दाखवायचंय. दोघांच्या ताटात सारखंच काही नाही, पण एकीला त्यातून दुसऱ्याची भूक दिसायला लागते आणि एकाला दुसरा माणूस म्हणजे फक्त आपल्यावर हसू शकणारा कोणीतरी दिसतो. मी पहिल्यांदा वाचताना हे पार सुटलं होतं, मी फक्त कधी एकदा गेम्स सुरू होतात याची वाट बघत होते.

आता लोकांच्या तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे लेखिकेने स्नोची बाजू घेतली, त्याला बिचारा केलं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने दीडशे पानांवर पुस्तक मिटलं, म्हणाली मला या माणसाची दया येतेय आणि ते मला नकोय. मला तिचं म्हणणं पूर्ण समजतं, पण मला वाटतं ती जिथे थांबली तिथेच पुस्तक काम करायला लागलं होतं. मूळ तीन पुस्तकं कॅटनिस स्वतः "मी" म्हणून सांगते. हे पुस्तक "तो" म्हणून सांगितलंय, आपण पूर्ण त्याच्या डोक्यात आहोत पण तो आपल्याशी बोलत नाहीये, मध्ये एक फट ठेवलीय, आणि त्या फटीतून दिसतं की हा प्रत्येक गोष्टीला कारण कसं शोधतो. वर्गातला सेजेनस प्लिंथ त्याला मित्र मानतो, पण याच्या मनात आधी काय येतं तर हे लोक डिस्ट्रिक्टमधून आलेले आणि पैशावर कॅपिटॉलचे झालेले. लुसी ग्रे त्याची ट्रिब्यूट, म्हणजे गेम्ससाठी डिस्ट्रिक्टमधून आणलेली मुलगी, म्हणून वाट्याला आली, तर "माझी" हा शब्द त्याच्या डोक्यात प्रेमाच्या आधी येतो आणि शेवटपर्यंत जात नाही. भाचीने पेन्सिलने अशा जागांना खुणा केल्यात, तिसऱ्या भागापर्यंत पानं नुसती भरलीत.

दुसरी तक्रार, नावं फार. ही मला मान्य. चोवीस ट्रिब्यूट, त्यांना तयार करणारी कॅपिटॉलची चोवीस मुलं म्हणजे मेंटॉर, त्यात मेंटॉरांची नावं बहुतेक रोमन-ग्रीक, क्लेमेन्सिया, अराक्नी, फेस्टस, लिव्हिया, पहिल्या शंभर पानांत कोण कोणाचा याचा पत्ता लागत नाही. अराक्नी पिंजऱ्यात ठेवलेल्या ट्रिब्यूट मुलीला सँडविच दाखवून खिजवते आणि ती मुलगी तिचाच सुरा घेऊन तिला मारते, तेव्हा कुठे नावं चेहऱ्यांना चिकटायला लागतात. गेम्सची प्रमुख डॉ. गॉल हिच्याबद्दलही मला थोडं खटकलंच, रंगीत साप, प्रयोगशाळा, विक्षिप्त हसणं, ती सतत एकाच सुरात आहे. पण तिचे प्रश्न भारी आहेत. गेम्स कशासाठी आहेत हे ती मुलांकडून लिहून घेते आणि कोरिओलेनसला रात्री अरेनात, म्हणजे गेम्सच्या मैदानात, पाठवून त्याच्या हातून एक पोरगा मरेपर्यंत थांबते आणि मग विचारते की आता सांग, आत तू कोण होतास. पुस्तकाच्या सुरुवातीला हॉब्ज, लॉक, रूसो यांची वाक्यं उगाच नाहीत, माणूस मुळात कसा असतो यावरच हे सगळं भांडण चाललंय. सोसायटीतले एक निवृत्त शिक्षक काका आहेत, त्यांनी मूळ पुस्तकं न वाचता हेच आधी वाचलं आणि ते या प्रश्नावर माझ्याशी तासभर बोलत बसले, त्यांना लव्हस्टोरीत काडीचा रस नव्हता.

गाणी फार आहेत असंही बरेच जण म्हणतात. वाचताना मीही दोनचार कडवी ओलांडली. २०२३ चा सिनेमा बघितल्यावर त्यांची चाल डोक्यात बसली आणि मग परत वाचताना मजा आली, लुसी ग्रे गाते ती करमणूक म्हणून नाही, माकडांच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या मुलीकडे दुसरं हत्यारच नाही. सिनेमा चांगला आहे, टॉम ब्लाइथने छान केलंय, पण त्यात कोरिओलेनसच्या डोक्यातलं ऐकू येत नाही, त्यामुळे तो पडद्यावर पुस्तकापेक्षा बराच चांगला मुलगा वाटतो, आणि ज्यांनी फक्त सिनेमा बघितलाय त्यांच्याशी माझे वाद होतात ते याच कारणाने.

आणि मग तिसरा भाग. जवळपास प्रत्येकाचं हेच की गेम्स संपले, आता दोनशे पानं काय चाललंय. लुसी ग्रेला वाचवायला त्याने फसवेगिरी केली, आईच्या डबीतून उंदराचं विष, सापांच्या टाकीत तिच्या वासाचा रुमाल, ते पकडलं गेलं, आणि शिक्षा म्हणून तो पीसकीपर, म्हणजे कॅपिटॉलचा शिपाई, होऊन डिस्ट्रिक्ट १२ मध्ये जातो. कवायत, खानावळ, गर्मी, तळं, गाणी. हो, संथ आहे. पण मला आता वाटतं हा भाग काढला तर पुस्तक उरतच नाही. इथे पहिल्यांदाच त्याच्यावर कोणाची नजर नाही, घराण्याच्या नावाचं ओझं नाही, मुलगी जिवंत आहे, मित्र सोबत आहे, पोटाला मिळतंय, म्हणजे वेगळं वागायला सगळी मोकळीक आहे. आणि तेव्हाच तो सेजेनसचं बोलणं जॅबरजे या ऐकलेलं तसंच बोलून दाखवणाऱ्या पक्ष्यावर रेकॉर्ड करून डॉ. गॉलकडे पाठवतो. तो स्वतःला सांगतो की कदाचित काही होणार नाही. सेजेनसला फाशी होते, तो आईला हाक मारतो आणि झाडावरचे पक्षी तीच हाक परत परत मारत राहतात. हे पान वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. आणि पुढे त्याच आईबापांच्या पैशावर हा शिकायला जातो, त्यांचा वारस होतो. सेजेनसची आई याला मुलासारखं खाऊ घालते. इतकं क्रूर काही मी तरुणांसाठी लिहिलेल्या पुस्तकात वाचलेलं नाही, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

शेवटाबद्दल घरात अजून भांडण चालू आहे. तळ्याकाठच्या झोपडीत त्याला अडकवू शकणारी लपवलेली बंदूक सापडते, लुसी ग्रेला कळतं की आता सुटायला याच्या वाटेत फक्त मीच उरले, ती कॅटनिस नावाच्या वनस्पतीचे कंद काढायला जाते आणि परत येत नाही. तिच्या स्कार्फखाली साप, याला चावतो, हा जंगलात गोळ्या झाडतो, वर मॉकिंगजे पक्षी तिचं गाणं उचलतात. मेली की पळाली हे लेखिका सांगत नाही. भाचीच्या मते ती पळाली, तिच्याकडे पुरावेही आहेत, साप विषारी नव्हता म्हणजे मारायचं नव्हतं वगैरे. तिच्या बाबांच्या मते गोळी लागली. मला वाटतं तिचं नाव ज्या वर्ड्सवर्थच्या कवितेवरून ठेवलंय त्यात उत्तर आहे, तिथलीही लुसी ग्रे बर्फात नाहीशी होते, पुलाच्या मध्यावर पावलं संपतात. आणि बर्फाला इंग्रजीत काय म्हणतात ते या पुस्तकाच्या वाचकाला सांगायला नको.

घ्यायचं असेल तर मूळ तीन पुस्तकांनंतरच घ्या, आधी वाचलं तर 'हँगिंग ट्री' गाणं कुठून आलं, मॉकिंगजेंवर याचा एवढा राग का, ही गंमत हातची जाते. कागदी प्रतीच घ्या, खुणा करता येतात. २०२५ मध्ये हेमिचचं 'सनराइज ऑन द रीपिंग' आलं, मला हवं होतं तेच, आणि ते वाचून मी जास्त रडले, लोकांनाही ते जास्त आवडलंय असं दिसतंय. पण हेमिचबरोबर उभं राहायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. स्नोबरोबर पडले, आणि म्हणून डोक्यात अजून हेच पुस्तक आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून छळतेय आणि ती म्हणजे टायग्रिस. फरशीची बटणं लावून देणारी, स्वतः न खाता भावाला वाढणारी ही बहीण मूळ मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात, 'मॉकिंगजे'मध्ये, कॅटनिसला आपल्या दुकानात लपवते, त्याच भावाच्या विरोधात. मधल्या काळात काय झालं हे या पुस्तकात नाही, पण सिनेमाच्या शेवटी ती त्याच्याकडे बघून म्हणते की तू अगदी तुझ्या वडलांसारखा दिसायला लागलास, तिथे काहीतरी तुटलेलं कळतं. माझी प्रत सध्या भाचीच्या मैत्रिणीकडे गेलीय, परत आली की फक्त टायग्रिसची पानं सलग वाचायची आहेत.