सात मेगाहर्ट्झवरची खरखर: फेराइट की लूप?

राजारामपुरीतल्या एका नव्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मित्राचा प्रश्न: ४० मीटरवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, खरखर फार; फेराइट (वायरीतून येणारी खरखर अडवणारी चुंबकीय रिंग किंवा क्लिप) घेऊ की लूप (वेटोळ्याची) अँटेना?

खर्चात फेराइट स्वस्त. पण एलईडीच्या अडॅप्टरवर नुसती क्लिप अडकवून भागत नाही; ३१ नंबर मिश्रणाच्या (फेराइटचा एक प्रकार) रिंगमधून तीच वायर आठ-दहा वेळा ओवा. वेढे दुप्पट केले की खरखरीला होणारा अडथळा जवळपास चौपट होतो. मात्र हे आपल्याच घरापुरतं. शेजारच्या इन्व्हर्टरला हात कसा लावणार?

तिथं ऐकण्यापुरती छोटी लूप खरी कामाची. गच्चीवर ती सावकाश फिरवा, एका दिशेला खरखर खाली बसते. चारी बाजूंनी येत असेल तर मात्र फारसा फरक नाही. प्रक्षेपणाला जुनी तारेची अँटेनाच.

मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर लावा. खरखर गेली तर फेराइट, राहिली तर लूप.