आरओ, खारपाणपट्टा आणि एक प्लास्टिकचा स्क्रू : ११ महिन्यांच्या वापरानंतर

सर्व्हिसवाल्याने आरओ मशीनच्या नळाखाली ग्लास धरला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्यात बुडवला, आकडा आला ३९०, म्हणजे लिटरला ३९० मिलिग्रॅम. "मेंब्रेन गेला ना भाऊ. चोवीसशे लागतील." मेंब्रेन म्हणजे मशीनमधली क्षार अडवणारी मुख्य गाळणी, आणि तो गेला नव्हता. अर्ध्या तासाने त्याच मेंब्रेनने ११८ दाखवले. मधल्या वेळात एकही पार्ट बदलला नाही, शेंगदाण्याएवढा एक प्लास्टिकचा स्क्रू तेवढा फिरवला. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः त्या स्क्रूचा आहे. मशीन कसं दिसतं, टाकी किती लिटरची, वॉरंटी काय, हे सगळं डब्यावर छापलेलं असतंच.

तरी दोन ओळी पाण्याबद्दल. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी किती खारं असतं ते इकडच्यांना सांगायला नको. मशीन ज्या बोअरवर आहे तिचा टीडीएस मे महिन्यात १८०० आणि पावसाळ्यानंतर १६५०. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं म्हटलंय. म्हणजे कागदावर हे पाणी पास आहे. कागदाला तहान लागत नाही.

वान किंवा शहानूर धरणाचं योजनेचं पाणी ज्या गावात येतं, तिथे आधी नळाचा टीडीएस मोजा. धरणाचं पाणी मुळात गोडं. आरओ बरंचसं पाणी वेस्ट म्हणून बाहेर टाकतो, त्यामुळे ते आरओतून काढायचं म्हणजे चांगलं पाणी मोरीत सोडायचं. ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं होतं. नळ चार-पाच दिवसांनी येत असेल तर ते पाणी झाकून भरून ठेवा, गाळून उकळून प्या, आणि आरओ फक्त बोअरच्या दिवसांपुरता ठेवा.

आता आधी चांगलं काय ते सांगून टाकतो, कारण ते थोडकंच आहे पण खणखणीत आहे : वरण. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाताखाली येते आणि वरचं पाणी वेगळं राहतं. पाण्यातला कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतो, म्हणून दाणा फुटत नाही. मग चिमूटभर सोडा घाला आणि सोड्याची चव सहन करा. आरओच्या पाण्यात तीच डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी घोटली जाते. चहावरची तेलकट साय जाते, कुकरच्या तळाला पांढरा थर बसत नाही. गॅस किती वाचतो ते मोजलेलं नाही, पण शिट्ट्या निम्म्या झाल्या एवढं नक्की.

आता स्क्रू. मशीनच्या मागच्या किंवा वरच्या बाजूला टीडीएस ॲडजस्टर किंवा टीडीएस कंट्रोलर नावाचा पार्ट असतो. नाव मोठं आहे, काम एवढंच की मेंब्रेनमधून न गेलेलं, फक्त गाळणी आणि कार्बनच्या फिल्टरमधून आलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळायचं. विकताना सांगतात, "पाण्यातले मिनरल टिकून राहतात." कच्चं पाणीच ३०० टीडीएसचं असेल तर मेंब्रेननंतर ते २०-२५ वर येऊन फिकं लागतं, तिथे थोडं मिसळण्याला काही अर्थ असेल. आपल्याकडे १८०० चं पाणी चांगल्या मेंब्रेनमधून आलं तरी ११० च्या आसपासच राहतं. त्यात आणखी मिसळायला काय उरलं? खारपाणपट्ट्यात या स्क्रूचं काहीच काम नाही.

तरी सर्व्हिसवाला तो उघडतो. का, ते कळायला वेळ लागला. डिसेंबरात पाणी गार होतं आणि मेंब्रेनमधून येणारी धार बारीक होते. दर अंश सेल्सिअसला साधारण तीन टक्के फरक पडतो. उन्हाळ्यात तासाला आठ लिटर देणारं मशीन थंडीत सकाळी साडेपाच-सहावर येतं. हा बिघाड नव्हे, पण आपण फोन करून सांगतो की टाकी भरायला वेळ लागतो. तो येतो, स्क्रू दोन आटे सैल करतो, धार मोठी होते, आपण खूश. महिन्याभराने तोच माणूस येतो, मीटर लावतो आणि मेंब्रेन गेल्याचं सांगतो. तो खोटं बोलतो असंही दरवेळी नसतं. मागच्या वेळी स्क्रू त्यानेच उघडला होता हे त्याच्या लक्षातही नसतं. बिल मात्र आपलं.

हिशोब करून बघा. कच्चं पाणी १६५०, मेंब्रेनचं ११८ आणि नळाला ३९०. म्हणजे नळातल्या पाण्यात जवळपास १८ टक्के कच्चं पाणी होतं. २० लिटरच्या गुंडात साडेतीन लिटर बोअरचं पाणी वरून ओतल्यासारखंच. आणि ते ओतायला आपण वीज जाळली, मोरीत बादल्या सोडल्या.

यवतमाळकडच्यांनी पुढचं नीट वाचावं, कारण त्यांचं दुखणं वेगळं आहे. पांढरकवड्याच्या बाजूला टीडीएस बेताचा, पण पाण्यात फ्लोराइड असतं. समजा, कच्च्या पाण्याचा टीडीएस ६०० आणि फ्लोराइड लिटरला ४ मिलिग्रॅम आहे. मेंब्रेन ते ४५ टीडीएस आणि ०.३ फ्लोराइडवर आणतो. सर्व्हिसवाला "गोडीसाठी" स्क्रू उघडून मीटरवर २५० आणून देतो. आकडा छान दिसतो. पण त्यासाठी ३७ टक्के कच्चं पाणी मिसळावं लागतं आणि फ्लोराइड १.६ च्या वर जातं. मानकाची इष्ट मर्यादा १, शेवटची मर्यादा १.५. दातांवर डाग आणि हाडं कडक करणारं तेच पाणी, आता मशीनमधून. टीडीएस मीटर हे कधीच सांगणार नाही, तो पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतो. फ्लोराइड आणि नायट्रेट तपासायला नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा लागतो. जलजीवन मिशनमधून गावोगाव तपासणीचे किट आलेत आणि बायकांना त्याचं प्रशिक्षण दिलंय. ग्रामपंचायतीत विचारा, कपाटात पडून असेल.

मेंब्रेन खरंच गेला का, हे घरी पंधरा मिनिटांत कळतं. दीडशे-दोनशेचा मीटर आणि एक ग्लास पुरे. मशीन बंद करा, इनलेटचा कॉक बंद करा. मेंब्रेनची लांब नळकांडी असते, तिच्या एका टोकाला एकच पाइप, दुसऱ्या टोकाला दोन. या दोनपैकी मधोमध असलेला पाइप शुद्ध पाण्याचा, कडेचा वेस्टचा. मधल्या एल्बोची (वाकड्या जोडाची) कॉलर बोटाने आत दाबून धरली की पाइप सुटतो. जोर लावून ओढू नका, नाहीतर आतली रबर रिंग कापते आणि मग थेंब थेंब गळत राहतं. त्या तोंडाला सुटा पाइप लावून ग्लासात सोडा आणि मशीन चालू करा. आता महत्त्वाचं : पहिली दहा मिनिटं येणारं पाणी टाका. मशीन बंद असताना मेंब्रेनच्या एका बाजूचे क्षार हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपतात, म्हणून रात्रभरानंतरचं पहिलं पाणी ३०० सुद्धा दाखवतं. लाईन जा-ये करते तिथे तर दिवसातून चारदा असं होतं. सर्व्हिसवाला नेमका येऊन पहिलाच ग्लास मोजतो.

दहा मिनिटांनंतरचा आकडा कच्च्या पाण्याच्या आकड्याशी ताडा. कच्चं १६५० आणि मेंब्रेनचं ११८ म्हणजे ९३ टक्के क्षार अडले, मेंब्रेन ठणठणीत. ९० च्या खाली गेलं की लक्ष ठेवा, ८० च्या खाली गेलं की पैसे काढा. मेंब्रेन चांगला आणि नळाचा आकडा जास्त असेल तर चोर स्क्रूच. बहुतेक ॲडजस्टर घड्याळाच्या दिशेने फिरवले की बंद होतात. हलक्या हाताने फिरवा, प्लास्टिकचे आटे लगेच मरतात. पूर्ण बंद करूनही आकडा उतरला नाही तर आतली सुई झिजलेली असते. मग तो पार्टच काढून बायपासच्या तोंडाला प्लग मारायचा, दहा-वीस रुपयांचं काम.

उन्हाळ्यात एक वेगळी गंमत आहे. स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं. घरगुती मेंब्रेनला बहुधा ४५ अंशांपर्यंतच पाणी चालतं, आणि तेवढं नसलं तरी गरम पाण्यासोबत क्षारही जास्त निसटतात. सकाळी ११० दाखवणारं मशीन दुपारी दीडशे दाखवायचं. स्क्रूला दोष देण्याआधी वेळ बघा. मशीनची टाकी पहाटे भरून घ्या आणि दिवसा कॉक बंद ठेवा.

वेस्ट पाण्याबद्दल पहिल्या महिन्यात माझं मत फार वाईट होतं. बादली लावून मोजलं तर २० लिटर शुद्ध पाण्यामागे ४७ लिटर बाहेर. पाण्यासाठी वणवण असलेल्या भागात हे पाप वाटतं. वेस्टच्या पाइपवर बोटाएवढा फ्लो रिस्ट्रिक्टर असतो, तो बारीक छिद्राचा लावला की वेस्ट निम्मं होतं. कुणी सुचवलं असतं तर तेव्हा लगेच लावला असता. आता मत बदललंय. ते पाणी वाया जात नाही, ते मेंब्रेनवरचे क्षार धुऊन नेतं. आमच्या वेस्टचा टीडीएस अडीच हजार येतो. वेस्ट निम्मं केलं तर तो तीन हजारांच्या वर जाईल, मेंब्रेनवर चुन्याचा थर चढेल आणि दोन वर्षांचा मेंब्रेन खूप आधीच बसेल. ६०-७० टक्के पाणी वाचवणारी मशीन शहरातल्या गोड्या पाण्याला ठीक. इथे नको.

पण ते वेस्ट पाणी वापरताना डोकं लागतं. संडास, मोरी, गोठा धुवायला चालतं. फरशी पुसली तर काळ्या फरशीवर पांढरे पट्टे उठतात, कपड्यांना साबणाचा फेस येत नाही. कढीपत्त्याच्या, तुळशीच्या मुळाशी अजिबात नको, आपली काळी माती आधीच चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेली. आणि कूलरमध्ये तर चुकूनसुद्धा नको. "फुकटचं पाणी आहे, कूलरला लावा" हा सल्ला विदर्भात सगळे देतात. कूलरमधून पाणी उडून जातं, क्षार खाली राहतात. अडीच हजाराचं पाणी आठवड्यात कितीतरी खारट होतं, खस दगडासारखी कडक होते, हवा येईनाशी होते आणि पंप जाम होतो.

बाकीच्या भानगडी थोडक्यात. बाहेरची स्पन गाळणी पावसाळ्यात दीड महिन्यात चिखलाच्या रंगाची होते, एरवी तीन महिने जाते. शंभराच्या आतबाहेर मिळते आणि घरी बदलता येते. गाळणीचा बाऊल उघडायचा पाना मशीनसोबत मागून घ्या, नंतर कुणी देत नाही. कार्बन सहा महिन्यांनी. पंपाला २४ व्होल्ट देणारा ॲडाप्टर मात्र नाजूक. शेतीचे पंप चालू असताना गावातली लाईन १७० वर येते आणि पंप बंद झाले की उसळी मारते. एक ॲडाप्टर त्यातच गेला, साडेचारशे लागले. आता प्लग काढूनच ठेवतो. मागच्या बाजूची भोकं जाळीने बुजवा, ऊब असते म्हणून पाली आत शिरतात आणि सर्किटवर जाऊन मरतात.

परवडलं का? पाच माणसांचं पिणं आणि स्वयंपाक धरून रोज २५ लिटर लागतात. गावातल्या पाण्याच्या एटीएमवर २० लिटरला १० रुपये धरले तरी ११ महिन्यांत चार हजारांच्या आसपास होतात. मशीन ८,८००, वर गाळण्या, कार्बन आणि ॲडाप्टर मिळून साधारण हजार. वीज नगण्य, महिन्याला तीन-चार युनिट. म्हणजे पहिल्या वर्षी मशीन महागच पडलं, आणि मेंब्रेनचे चोवीसशे दिले असते तर आणखीच महाग पडलं असतं. ज्याच्या घरी जार आणून देणारं माणूस आहे त्याने घाई करू नये. एटीएमच्या पाण्याचा टीडीएस मात्र एकदा मोजा, तिथेही मेंब्रेन जुना असतो आणि तिथेही स्क्रू असतोच.

आता स्क्रू पूर्ण बंद आहे. स्क्रू आणि बॉडी यांच्या सांध्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावलाय, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. सर्व्हिसवाल्याचं काम झालं की सही करण्याआधी तो ठिपका सरळ आहे का बघायचं.